अंतिम धावक

सोमवार, ३ तारीख

आज मेहुण्याचा फोन आला. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो राहतो त्या शहरात या महिन्याच्या २३ तारखेला, रविवारी, एकवीस किलोमीटरची शर्यत आहे आणि तो तिच्या आयोजन समितीत आहे. मी तीत मागच्या वर्षी धावलो होतो. दोन तास, चार मिनिटं, अकरा सेकंद. यंदा काहीही करून दोन तासांच्या आत यायचं, हे या वहीत मी इतक्यांदा लिहिलंय की वहीलाच पाठ झालं असेल.

तर मेहुणा म्हणाला, "भावोजी, यंदा तुम्ही सगळ्यांसारखं साधं धावायचं नाही. समिती तुम्हाला अंतिम धावक म्हणून घेते आहे. अख्ख्या शर्यतीत एकच असतो."

मी म्हटलं, "विचार करून सांगतो." मग दोन सेकंद विचार केला आणि हो म्हणून टाकलं.

अंतिम फेरी, अंतिम सामना, अंतिम निर्णय. शब्दाला वजन आहे. त्रेपन्नाव्या वर्षी कुणीतरी आपली दखल घेतली म्हणायची. बायकोला सांगितलं तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला म्हणावं तसं आश्चर्य वाटलं नाही. "बरं झालं," म्हणाली, "पोटरीला जपा तेवढं."

पोटरी ठीक आहे. जरा ओढ बसते, इतकंच. डॉक्टरने सहा आठवडे वेगात धावू नका म्हणून लिहून दिलं होतं, पण डॉक्टर स्वतः जिने चढताना धापा टाकतो, त्याचं किती मनावर घ्यायचं. घरी मी हे बोललेलो नाही. चिठ्ठी शर्टाच्या खिशात राहिली आणि शर्ट धुवायला गेला, त्यामुळे पुरावाही उरला नाही.

भावा-बहिणीचे फोन हल्ली फार वाढलेत. माहेरची ओढ वयाबरोबर वाढत असावी.

गुरुवार, ६ तारीख

ऑफिसात सांगितलं. आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते, शहरातल्या तीनशे बारा लिफ्ट आमच्याकडे आहेत आणि मी देखभाल विभागाचा प्रमुख. इलेक्ट्रिशियनने फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'आमचे अंतिम धावक' असं लिहिलं. खाली माझं चित्रही काढलं. पोट जरा जास्त काढलंय, पण भावना पोचल्या.

रविवार, ९ तारीख

सकाळी चौदा किलोमीटर. एक तास बावीस मिनिटं. शेवटचे तीन किलोमीटर पोटरीत कुणी सुतळी पिळतंय असं वाटत होतं. घरी आलो तर बायको घरात नाही. ती दातांच्या दवाखान्यात भेटीच्या वेळा देण्याचं काम करते आणि गेले सात-आठ महिने आठवड्यातून चार दिवस पावणेसहालाच बाहेर पडते. त्यात रविवारही आला. सकाळी पावणेसहाला कोण दात काढून घेतं, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "दुखणं काय घड्याळ बघून येतं?" हे खरं आहे.

साडेसातला आली ती घामाघूम, लालबुंद. म्हटलं, "काय झालं?" तर म्हणे, "दवाखान्याची लिफ्ट बंद होती." ती लिफ्ट आमच्या यादीत आहे. उद्या जाऊन बघायला हवी.

दोरीवर दोन जोड नवे मोजे वाळत होते, जाड तळव्यांचे. मुलीचे असणार. ती वसतिगृहात राहते, पण कपडे इथे टाकून जायची तिची जुनी खोड आहे.

सोमवार, १० तारीख

दवाखान्याची लिफ्ट तपासली. ठणठणीत. तिथला माणूस म्हणाला, गेल्या वर्षभरात बंदच पडली नाही. त्याला काय कळतंय. मी तरी तेल घालून आलो.

मंगळवार, ११ तारीख

संध्याकाळी बाजारात गेलो दोघं. नेहमीप्रमाणे ती मागे. मी कोपऱ्याकोपऱ्यावर थांबतो, ती आली की पुढे निघतो. लग्न झाल्यापासून हे असंच आहे, अठ्ठावीस वर्षं. तिची चालच तशी. दोन वर्षांपूर्वी मी तिला धावायला शिकवायचा प्रयत्न केला होता. घड्याळ लावलं, शिट्टी घेतली, हात कसे ठेवायचे, श्वास कसा घ्यायचा, सगळं समजावून सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिने बूट कपाटात ठेवले आणि म्हणाली, "मला नाही जमायचं." काहींच्या अंगात ते नसतंच. मी तिला त्याबद्दल कधी बोललो नाही. म्हणजे फारसं नाही.

बुधवार, १२ तारीख

समितीचं पत्र आलं.

मी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. 'अंतिम धावकाने सर्व स्पर्धकांच्या मागून धावावे. कोणत्याही परिस्थितीत कोणत्याही स्पर्धकाला ओलांडू नये. तीन तास पंधरा मिनिटे ही मर्यादा लक्षात घेऊन वेग राखावा. त्याच्या मागे बस असेल. जे स्पर्धक मागे पडतील त्यांना बसमध्ये बसवण्याची जबाबदारी अंतिम धावकाची राहील.' अशी नऊ कलमं.

अंतिम म्हणजे शेवटचा. रांगेतला शेवटचा. शेपूट.

मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, "भावोजी, याला अनुभवी माणूस लागतो हो. कुणीही चालत नाही." मी म्हटलं, "मागून चालायला कसला अनुभव?" तो म्हणाला, "ते ताईला विचारा," आणि फोन ठेवला. बहिणीला यातलं काय कळणार, हे मला कळलं नाही.

जाणार नाही. ठरलं.

गुरुवार, १३ तारीख

दुपारी एका कचेरीत लिफ्ट सहाव्या आणि सातव्या मजल्यांच्या मधे अडकली. आत एक संगीतशिक्षक. बाहेरून ओरडाआरडा चाललेला, घाबरू नका, घाबरू नका. घाबरू नका म्हटलं की माणूस हमखास घाबरतो. मी सगळ्यांना गप्प केलं, दाराच्या फटीशी तोंड नेलं आणि विचारलं, "काय करता आपण?" तो म्हणाला, व्हायोलिन शिकवतो. "किती विद्यार्थी?" सतरा. "त्यातले चांगले किती?" तो हसला आणि म्हणाला, दोन. एवढ्यात आमच्या माणसाने वरून मोटर हाताने फिरवून लिफ्ट सहाव्यावर आणली. बाहेर आला तेव्हा त्याचा श्वास अगदी संथ होता.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अडकलेल्यांना बाहेर काढणारा माणूस तुम्ही. तिथे रस्त्यावरही तेच काम आहे ना? आणि मलाही भावाकडे जाऊन किती दिवस झाले."

तिला माहेरी जायचंय, तिचा हिरमोड कशाला करा. जातो. पण ऑफिसातला फळा पुसायला लावणार नाही. शब्द तर तोच आहे.

मंगळवार, १८ तारीख

बायको वाळलीये. केळी खाते, पाणी पीत बसते, रात्री नऊला झोपते. मी म्हटलं, एकदा तपासून घे. मुलगी दूर आहे म्हणून मनाला लावून घेतलं असेल. मुलीला फोन करून सांगितलं, आईकडे लक्ष दे. ती बराच वेळ खोकत होती. सर्दी झाली असावी. मग म्हणाली, "बाबा, तू खरंच ग्रेट आहेस." मुलीला बापाची किंमत दूर गेल्यावर कळते.

झोपताना बायकोने विचारलं, "टाचेला फोड आला तर काय करतात हो? आमच्या एका पेशंटला आलाय." मी सविस्तर सांगितलं. दाताच्या पेशंटच्या टाचेची चौकशी करते, इतकी ती साधी आहे.

शनिवार, २२ तारीख

दुपारच्या गाडीने मेहुण्याकडे पोचलो. बायकोची पिशवी नको इतकी जड. "काय भरलंयस?" तर म्हणे, वहिनीसाठी बूट घेतलेत. भावजयीला बूट भेट देणारी नणंद मी पहिल्यांदाच पाहिली.

संध्याकाळी मेहुण्याबरोबर जाऊन माझं सामान घेतलं. एक केशरी बनियन. एक लांब काठीचा झेंडा, तो पाठीला पट्ट्याने बांधायचा, त्यावर 'अंतिम'. कमरेला एक पिशवी, तीत पट्ट्या, मलम, मिठाच्या गोळ्या. समितीच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही फार मोठं काम करताय." मोठं काम करताय असं ज्याला सांगावं लागतं, त्याचं काम किती मोठं असतं ते मला चांगलं माहीत आहे.

शेजारच्या रांगेत उभे असलेले लोक बोलत होते, एक तास पन्नास, एक तास पंचावन्न. मी झेंडा पाठीमागे धरला, तर त्यावरचं अक्षर मागच्या लोकांना दिसू लागलं.

बायको उद्या भावजयीबरोबर आठ वाजता थेट शेवटच्या कमानीशी येणार आहे. म्हणाली, "तुम्ही निघा लवकर. माझी काळजी करू नका."

रविवार, २३ तारीख

परतीच्या गाडीत लिहितो आहे, अक्षर हलतंय. पण आज लिहिलं नाही तर उद्या मी यात सोयीचे बदल करीन, असं मला माझ्याबद्दल वाटतं.

पहाटे पावणेसहाला सुरुवातीच्या रेषेच्या पार मागे जाऊन उभा राहिलो. माझ्यापुढे बाराशे चाळीस माणसं, मागे एक पांढरी बस. बसच्या काचेला झाडू बांधला होता. सगळे तिला झाडूगाडी म्हणत होते. चालकाने खिडकीतून विचारलं, "तुम्हीच का आमचे पुढारी?"

सहाला शिट्टी झाली. गर्दी सरकायला चार मिनिटं लागली. मी निघणार एवढ्यात शौचालयाच्या रांगेकडून एक बाई पळत आली, पिवळी टोपी, निळा सदरा, आणि मला न बघता बाजूने पुढे निघून गेली. मनात म्हटलं, सुरुवातच चुकली, या बाईचं काही खरं नाही.

तिसऱ्या किलोमीटरला मी शेवटच्या दोघांच्या मागे पोचलो. एक ही पिवळी टोपी, दुसरा एक गोलमटोल बेकरीवाला. बेकरीवाला पहिल्याच मिनिटात बोलायला लागला. रोज पहाटे तीनला उठून पाव भाजतो, आज पाचला उठलो म्हणून ताजातवाना वाटतंय, बायको म्हणाली सात किलोमीटरच्या पुढे गेलास तर मी बेकरीच्या दारावर तुझं नाव रंगवीन. पिवळी टोपी दहा पावलं पुढे, गप्प.

माझं काम मी सुरू केलं. "ताई," मी मागून म्हटलं, "घाई नको. छान चाललंय. काय करता आपण?"

उत्तर नाही. कानात काही घातलं असेल म्हणून आवाज चढवला. "ताई, घरी कोण कोण असतं?"

टोपी जरा हलली.

मग मी बेकरीवाल्याला तिच्या धावण्याबद्दल समजावून सांगितलं. कोपरं बाहेर जातात, ती आत हवीत. पण पावलांना लय आहे. लहान पावलं, न थकणारी. कुणीतरी नीट शिकवलंय, किंवा कुणीच शिकवलेलं नाही. बेकरीवाला म्हणाला, "तुम्हाला पाठीवरून एवढं कळतं?" मी म्हटलं, "अनुभव."

पाचव्या किलोमीटरला पाणी. पिवळ्या टोपीने न थांबता पेला घेतला. सातव्याला चढ. मी पुन्हा म्हटलं, "ताई, चढावर मान खाली, नजर चार पावलांवर. ताई, श्वास नाकाने. ताई..."

नवव्या किलोमीटरच्या पाटीपाशी ती थांबली. वळली. टोपी वर केली.

"अहो, ताई ताई काय लावलंय सारखं?"

माझी बायको होती.

मी काय बोललो ते मला आठवत नाही. बेकरीवाल्याने नंतर सांगितलं की मी "तू आठ वाजता येणार होतीस ना?" असं विचारलं. मागून झाडूगाडीचा चालक ओरडला, "पुढारी, चला, उभं राहायचं नाही."

चाललो. ती पुढे, मी मागे. मला एकच गोष्ट खात होती. सहा किलोमीटर मी त्या पाठीकडे बघत होतो आणि ओळखली नाही. मग लक्षात आलं, अठ्ठावीस वर्षांत मी तिची पाठ अशी कधी पाहिलीच नव्हती. माझीच तिने पाहिली.

बेकरीवाला शहाणा माणूस. तो उगाचच जरा बाजूला, रस्त्याच्या कडेने धावायला लागला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"आठ महिने."

"दवाखाना?"

"दवाखाना नऊला उघडतो. नेहमीच नऊला उघडायचा."

"म्हणजे ती लिफ्ट..."

"ठीक आहे ती लिफ्ट."

अर्धा किलोमीटर गेला. मग मी म्हटलं, "मला सांगायचं नाही?"

ती पुढे बघतच म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही शिकवलं असतंत."

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाशी बोलायच्या सगळ्या युक्त्या मला येतात, पण त्या सगळ्या तिला पाठ आहेत. शेवटी मी विचारलं, "मग आता मी काय करू?"

"मागे राहा," ती म्हणाली. "आज तुमचं कामच ते आहे. आणि खरं सांगू का, तुम्ही फार मागे असाल असा माझा हिशोब होता. शेवटाला पोचून, तोंड धुऊन, केस विंचरून तुमची वाट बघत बसणार होते. ती शौचालयाची रांग नडली."

बाराव्याला बेकरीवाला थांबला. शांतपणे म्हणाला, "माझं झालं. सात सांगून आलो होतो, बारा झाले." मी नियमाप्रमाणे त्याच्या छातीवरचा क्रमांक काढून घेतला आणि त्याला बसमध्ये चढवलं. तो चालकाच्या मागच्या खिडकीत जाऊन बसला, राजासारखा. आता सगळ्या शर्यतीत शेवटची होती माझी बायको.

तेराव्याला ती लंगडायला लागली. विचारलं तर काही नाही म्हणाली. चौदाव्याच्या थोडं आधी रस्त्याच्या कडेला बसली आणि बूट काढला. टाचेला लिंबाएवढा फोड, फुटलेला. मोजा लाल.

मी गुडघ्यावर बसलो. पुसलं, मलम लावलं, पट्टी घातली, वर दुसरी पट्टी. दुखत असणार, तिने माझा खांदा इतका घट्ट धरला की बोटं उमटली. बस आमच्या मागे येऊन थांबली. दार उघडलं.

मी म्हटलं, "बसायचं का? चौदा म्हणजे काही कमी नाही."

"तुम्ही पंच म्हणून विचारताय की नवरा म्हणून?"

"दोन्ही."

"मग पंचाला सांगा, मी वेळेत आहे. आणि नवऱ्याला सांगा, नाडी बांधून द्या, मला वाकता येत नाहीये."

बांधून दिली. चार मिनिटं गेली होती.

पंधराव्या किलोमीटरला चौकी होती. तिथे दोन तास अठरा मिनिटांच्या आत पोचावं लागतं. आम्ही पोचलो तेव्हा माझ्या घड्याळात दोन तास वीस मिनिटं दहा सेकंद. टेबलापाशी एक उंच बाई उभ्या होत्या, हातात पॅड, गळ्यात शिट्टी. बहुतेक शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांनी बायकोपुढे हात आडवा धरला. "सॉरी. वेळ संपली. बसमध्ये बसा."

बायकोने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ओठ घट्ट मिटून, हात दोन्ही बाजूंना सोडून, पायाखालच्या डांबराकडे बघत उभी राहिली. मला ती दोन वर्षांपूर्वीची आठवली, माझ्या शिट्टीपुढे अशीच उभी होती. तेव्हा मला वाटलं होतं ती दमलीये.

मी आयुष्यभर नियमाचा माणूस. लिफ्टमध्ये सहा माणसं लिहिलं असेल तर सातवा माझा सख्खा भाऊ असला तरी मी त्याला बाहेर काढलाय. पण पत्राची नऊच्या नऊ कलमंही मी वाचली होती, रागाने का होईना.

"बाई," मी म्हटलं, "कलम चार. जो स्पर्धक अंतिम धावकाच्या पुढे आहे, तो शर्यतीत आहे असे समजावे. या माझ्या पुढे आहेत."

"पण तुम्ही स्वतःच दोन मिनिटं उशिरा आला आहात."

"हो. तो माझा गुन्हा आहे. माझ्याविरुद्ध तक्रार लिहा. त्यांचा काय दोष?"

बाईंनी पॅडवर पाहिलं, माझ्या झेंड्याकडे पाहिलं. बसमधून बेकरीवाला ओरडला, "बाई, माणूस बरोबर बोलतोय."

"तुमच्या कोण लागतात या?" बाईंनी विचारलं.

मी काही म्हणायच्या आत बायको म्हणाली, "तासाभरापूर्वी यांनी मला ताई केलं होतं."

बाईंनी आडवा हात खाली घेतला.

पुढचे सहा किलोमीटर तिने धावून-चालून, चालून-धावून काढले. मी काही शिकवलं नाही. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. अठराव्याला बसचालकाने हॉर्न वाजवायला सुरुवात केली. त्यालाही घरी जायचं होतं. त्याच वेळी माझ्या बुटाची नाडी सुटली. मी रस्त्याच्या मधोमध बसून ती बांधली. मग दुसऱ्या बुटाची सुटली. मग पहिली घट्ट झाली होती म्हणून सैल केली. बसला मला ओलांडता येत नाही, तो नियमच आहे. मान वर केली तेव्हा ती दीडशे पावलं पुढे गेली होती. योगायोगाने हे फार बरं झालं.

शेवटच्या वळणावर रस्ता रिकामा. टेबलं आवरत होते, पेले झाडत होते. कमान मात्र उभी होती. अंतिम धावक पोचेपर्यंत ती उतरवता येत नाही. कमानीखाली मेहुणा, त्याची बायको, आणि आमची मुलगी. ती वसतिगृहातून पहाटेच्या गाडीने आली होती. तिघांच्या हातात पाटी, पाटीवर 'आई'. माझी पाटी नव्हती. मी रागावलो नाही, नोंद म्हणून लिहितो.

बायको कमानीखालून गेली तेव्हा घड्याळात तीन तास सतरा मिनिटं बेचाळीस सेकंद. मुलीने तिला मिठी मारली, मग दोघी रडायला लागल्या, मग हसायला. मी रेषेच्या अलीकडे उभा होतो. ती पुरती पलीकडे गेल्याशिवाय मला पाय टाकता येत नव्हता.

मेहुणा म्हणाला, "भावोजी, पावणेतीन मिनिटं उशीर."

मी म्हटलं, "तुमचं घड्याळ पुढे असेल."

तो माझ्याकडे बघतच राहिला. गेली अठ्ठावीस वर्षं तो मला ओळखतो.

पोटरी अजिबात दुखली नाही. म्हणजे ती पूर्ण बरी झाली होती आणि मी म्हणत होतो तेच खरं होतं. हे मी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "हो का?" आणि भावाकडे बघून हसली.

आता ती शेजारी झोपलीये. पदक गळ्यातच आहे, काढू देत नाही. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी मघाशी पदकाकडे बोट दाखवून विचारलं, "तुम्ही धावलात वाटतं?"

मी म्हटलं, "नाही, या धावल्या. मी मागून येत होतो."

"गाडीने?"

"नाही. पायी."

ते बराच वेळ विचार करत होते. इलेक्ट्रिशियनचा निरोप आलाय, 'साहेब, किती वेळ लागला?' मी खरी वेळ कळवली. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

सोमवार, २४ तारीख

सकाळी उठलो तर दोघांच्याही मांड्या लाकडाच्या. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. दार उघडून बाहेर आलो, तर लिफ्टला पाटी, 'तपासणीसाठी दोन दिवस बंद'. खाली माझीच सही. गेल्या मंगळवारी मीच केली होती.

बायको पाटीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "कुणीतरी चौकशी केली पाहिजे."

पहिली पायरी उतरताना दोघांच्या तोंडून एकदमच आवाज निघाला. मग तिने सांगितलं, उलटं उतरलं की दुखत नाही, तिच्या सकाळच्या गटातल्या बायका असंच करतात. सकाळी धावणाऱ्या सात बायकांचा एक गट आहे हेही मला आजच कळलं. त्यांतली एक तर आमच्याच इमारतीत राहते.

मग आम्ही कठडा धरून, पाठीकडून, एकेक पायरी. तिचा उजवा हात कठड्यावर, डावा माझ्या कोपरावर. उलटं उतरताना पुढे कोण आणि मागे कोण हे ठरवता येत नाही. मी प्रयत्न केला, मग सोडून दिला.

दुसऱ्या मजल्यावर शेजारचे वकील ब्रीफकेस घेऊन उभे. ते कोर्टाला निघाले होते. आम्हा दोघांच्या पाठी आपल्या अंगावर येताना बघून ते भिंतीला चिकटले.

"अहो, हे काय? बरं आहे ना सगळं?"

"अगदी," बायको मागे न बघता म्हणाली. "आम्ही दोघं धावतो."